कंबरेची गोळी आणि न फुटलेलं बीज

शेवगा_पराठा | ३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या विभागात नुसती वाचत असते. आरोग्याच्या विभागात पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वय ३३, लग्नाला पाच वर्षं, गेलं वर्षभर बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. नवऱ्याचा रिपोर्ट चांगला, माझं थायरॉइड, एएमएच (बीजांच्या साठ्याची तपासणी) सगळं जागेवर. म्हणून स्त्रीरोगाच्या मॅडमनी फॉलिक्युलर स्टडी सांगितला, म्हणजे बीजाची पिशवी (फॉलिकल) वाढून फुटते का ते सोनोग्राफीत बघायचं. दोन महिने दिवसाआड सोनोग्राफीला पळतेय आणि दोन्ही वेळा तीच रड. बाराव्या दिवशी १८ मिमी, चौदाव्या दिवशी २२, सतराव्या दिवशी बघावं तर पठ्ठ्या २७ चा होऊन तिथेच बसलेला. फुटलाच नाही.

परवा मॅडमनी जाता जाता विचारलं, "बाकी कुठल्या गोळ्या चालू नाहीत ना?" मी म्हटलं, नाही. तेवढ्यात पर्समधून फाइल काढताना एक पट्टी खाली पडली. एसेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल. मार्चपासून घेतेय, कंबरेसाठी, सकाळ-संध्याकाळ. हाडांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांसाठीच लिहिली होती. पण गोळी थांबवली की दुखायचं, आणि आमचा मेडिकलवाला तोंड बघूनच पट्टी काढून ठेवतो. मॅडमनी पट्टी उचलली आणि विचारलं, "मग हे काय आहे, चॉकलेट?"

खरं सांगते, ते औषध आहे असं डोक्यातच नव्हतं. पेनकिलर ती पेनकिलर!

मॅडमनी गोळी बंद करायला लावली, पुढच्या महिन्यात बघू म्हणाल्या. बाहेर पन्नास पेशंट, जास्त विचारता आलं नाही. तर प्रश्न असा: कंबरेच्या गोळीचा बीजाशी काय संबंध? कुणाला असा अनुभव आहे का? आणि उद्या दिवस राहिलेच तर नऊ महिने या कंबरेचं करायचं काय?

रिकामा_डबा | ३ नोव्हेंबर, रात्री ११:२१

"मग हे काय आहे, चॉकलेट?" मॅडमना माझ्यातर्फे एक शेवग्याचा पराठा.

मोरपंखी_छत्री | ३ नोव्हेंबर, रात्री ११:४८

अगं, तुझी पोस्ट वाचून चार वर्षांपूर्वीची मीच आठवले. मला संधिवात आहे (म्हातारपणीचा नाही, तिशीतला). दुखण्यासाठी एटोरिकॉक्सिब ९० ही गोळी रोज चालू होती. आमच्याकडेही हेच नाटक, फॉलिकल वाढायचं आणि फुटायचं नाही. माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांनी मात्र स्वतःहून विचारलं होतं, मूल हवंय का? हो म्हटल्यावर त्यांनी गोळ्या बदलल्या आणि पाळीच्या मधल्या दिवसांत ही गोळी घ्यायची नाही असं बजावलं. तिसऱ्या महिन्यात फुटलं. लेक आता अडीच वर्षांची आहे आणि हे टाइप करत असताना माझ्या पाठीवर बसलीय.

पण मनाने काही बंद करू नकोस हां. माझ्या आजारात औषधं अचानक थांबवली की सांधे असे उसळतात की बाळ राहू दे, पोळीसुद्धा लाटता येत नाही.

दवाखान्यातली_दुपार | ४ नोव्हेंबर, दुपारी २:३०

स्त्रीरोग हाच माझा धंदा. ओपीडी आणि जेवण यांच्यामध्ये लिहितेय, चुका पोटात घाला.

शेवगाताई, संबंध असा. आपलं शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. दुखणं, सूज, ताप या सगळ्यात त्यांचा हात असतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, एटोरिकॉक्सिब या सगळ्या गोळ्या एकाच घराण्यातल्या. त्या ही द्रव्यं बनवणारं कॉक्स नावाचं एन्झाइम अडवतात, म्हणून दुखणं थांबतं. पण बीज बाहेर पडायचं तेव्हा फॉलिकलची भिंत पातळ करून फोडायला हीच द्रव्यं लागतात. बीज सुटणं ही एका अर्थी छोटीशी, वेळेवर येणारी सूजच असते. ती सूजच दाबून टाकली तर फॉलिकल वाढतं, त्यातलं बीज आतच राहतं. हार्मोन मात्र नेहमीसारखे काम करतात, त्यामुळे पाळी ठरल्या दिवशी येते आणि बाईला काही कळत नाही. आम्ही त्याला एलयूएफ म्हणतो, म्हणजे न फुटलेलं फॉलिकल.

गोळी थांबवली की हे बहुतेक वेळा पूर्ववत होतं. तुमचं कारण हेच आहे की आणखी काही, ते पुढच्या महिन्यात कळेल. एलयूएफ गोळ्यांशिवायही दिसतं, तेव्हा आत्ताच मेडिकलवाल्याच्या नावाने खडे फोडू नका.

आकडेमोड | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

डॉक्टरांना पुस्ती. यावर बगदाद विद्यापीठातल्या डॉक्टरांनी केलेला छोटासा अभ्यास २०१५ साली युरोपातल्या संधिवाताच्या परिषदेत मांडला गेला होता. बायका ३९, आणि तक्रार काय, तर पाठदुखी! पाळीच्या दहाव्या दिवसापासून दहा दिवस गोळ्या दिल्या. डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांपैकी फक्त ६.३ टक्के बायकांचं बीज सुटलं, नॅप्रोक्सेनमध्ये २५ टक्के आणि एटोरिकॉक्सिबमध्ये २७.३ टक्के. गोळी न घेणाऱ्या सगळ्यांचं सुटलं.

३९ म्हणजे आमच्या सोसायटीच्या भिशीएवढ्या बायका, त्यामुळे टक्के छातीठोकपणे सांगण्यात अर्थ नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

रिकामा_डबा | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:२२

बगदाद म्हटल्यावर मला वाटलं "खुल जा सिम सिम" येणार. इथे तर उलटंच, दार उघडतच नाही.

तिखट_जिलेबी | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०२

@रिकामा_डबा, खिक्! पण विषय नाजूक आहे हो.

माझं जरा वेगळं मत. मी कॉलेजपासून अर्धशिशीसाठी कॉम्बिफ्लाम (आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉल) खात आले. आठवड्याला दोन-तीन नक्की. माझी दोन्ही मुलं ठरवल्याबरोबर झाली. उगाच प्रत्येक गोष्टीला घाबरवायचं आणि मग बायका महिनाभर डोकं धरून बसतात. दुखणंही काही कमी वाईट नसतं.

आणि पाळीतली मेफ्टाल? तीही सोडायची का आता? पहिल्या दिवशी ती नसेल तर मी ऑफिसात नाही, पोलीस चौकीत सापडेन.

दवाखान्यातली_दुपार | ४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

पोलीस चौकीची वेळ येणार नाही. पाळीचा पहिला-दुसरा दिवस आणि बीज सुटण्याचा दिवस यांत साधारण दोन आठवड्यांचं अंतर असतं. पाळीच्या दोन दिवसांत घेतलेली मेफेनॅमिक ॲसिडची गोळी तोवर अंगातून केव्हाच निघून गेलेली असते. प्रश्न रोजच्या आणि मधल्या दिवसांतल्या गोळ्यांचा आहे. तुमच्या दोन-तीन कॉम्बिफ्लाम त्या ठरावीक दिवसांत पडल्या नसतील, किंवा पडूनही बीज सुटलं असेल. सगळ्यांचंच अडतं असं कुणी म्हटलेलं नाही.

मूल हवं असणाऱ्यांनी एक मात्र लक्षात ठेवा. पाळी चार दिवस पुढे गेलीय, ओटीपोटात कळ येतेय, म्हणजे आता पाळी येणारच असं समजून मेफ्टाल घेऊ नका. आधी घरी लघवीची तपासणी करा. ती कळ गर्भ रुजल्याचीही असू शकते. सुरुवातीच्या आठवड्यांत या गोळ्यांनी गर्भपात होतो का, यावर अभ्यासांमध्ये एकमत नाही. गर्भपात होऊ घातला की आधी पोट दुखतं, म्हणून बाई गोळी घेते, आणि मग दोष गोळीवर येतो. हा गुंता सुटत नाही. पण टाळता येत असेल तर मुद्दाम घेऊन बघायची ती वेळ नव्हे.

कोकणी_आत्या | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

आमच्या वेळी असलं काही नव्हतं गो बायांनो. कंबर धरली की निर्गुडीचा पाला गरम करून बांधायचा, वर विटेचा शेक. सात मुलं झाली माझ्या सासूबाईंना.

तिखट_जिलेबी | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

आत्या, सातांपैकी कंबर किती जणांनी घालवली ते नाही सांगितलंत.

गुळाचा_खडा | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

आत्यांच्या निर्गुडीला माझा विरोध नाही, शेकाने खरंच बरं वाटतं. पण पोटात घ्यायच्या 'हर्बल' पुड्यांपासून जपा. माझं मिरजेकडे औषधाचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. सांधेदुखीची काळी पुडी घेऊन आठवड्यात पळायला लागलेले म्हातारे मी पाहिलेत आणि पुढे तोंड सुजून आलेलेही पाहिलेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं असायचं. पोटुशीच्या हातात अशी पुडी कोण देईल?

आता मेडिकलवाल्यांविषयी. शेवगाताई, तुमचा दुकानदार चुकला, मान्य. पट्टीवर स्पष्ट छापलेलं असतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. पण काउंटरच्या अलीकडून कसं दिसतं तेही सांगतो. नवरा येतो, "कंबरेची द्या" म्हणतो. कुणाच्या कंबरेची, तिचं वय काय, दिवस आहेत का? विचारलं तर म्हणतो, "तुम्हाला काय करायचंय?" तरी मी विचारतो. दोनदा शिव्या खाल्ल्या, एकदा पेढे मिळाले.

अजून एक. सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी, तापाची गोळी अशी तीन वेगवेगळ्या नावांची औषधं घरात असतात आणि तिन्हींत पॅरासिटामॉल असतं. लोक तिन्ही एकत्र घेतात. पट्टीवरचं मोठं नाव वाचू नका, खाली बारीक अक्षरात काय आहे ते वाचा.

पिंपळपान_८८ | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

माझा अनुभव बीजाचा नाही, पुढचा आहे. सहावा महिना, चोविसावा आठवडा. अक्कलदाढ अशी ठणकली की रात्रभर भिंतीला डोकं लावून उभी. दाताच्या डॉक्टरांकडे गेले. थंडीचे दिवस, अंगावर शाल, पोट फारसं दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, मला सुचलं नाही. केटोरोलॅक लिहून दिली, तीही याच घराण्यातली पेनकिलर. ठणका जादूसारखा थांबला म्हणून तीन दिवसांच्या गोळ्या आठवडाभर पुरवून घेतल्या.

नेमकी पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी होती. बाळाभोवतीचं पाणी कमी! आदल्या रिपोर्टमध्ये व्यवस्थित होतं. आमच्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं विचारलं, गोळीपाशी आल्यावर पेन खाली ठेवलं. गोळी बंद, चार-चार दिवसांनी सोनोग्राफी. पाणी पुन्हा भरलं. मुलगा ठणठणीत आहे, दात काढतोय आणि मी त्याला जेलसुद्धा लावू देत नाही कुणाला.

दवाखान्यातली_दुपार | ५ नोव्हेंबर, दुपारी २:४५

पिंपळपान, हे लिहिल्याबद्दल आभार. साधारण विसाव्या आठवड्यापासून पुढे गर्भाभोवतीचं पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच. या गोळ्या वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या किडनीचं काम मंदावतात, म्हणून पाणी घटतं. बहुधा काही दिवस-आठवडे घेतल्यावर, पण कधी कधी ४८ तासांतही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०२० च्या ऑक्टोबरमध्ये म्हणूनच विसाव्या आठवड्यापासून या गोळ्या टाळा असा इशारा दिला. त्याआधी तो तिसाव्या आठवड्यापासून होता, कारण वेगळं होतं. बाळाच्या हृदयाजवळ एक नळी असते, ती जन्मानंतर मिटायची असते. या गोळ्यांनी ती पोटातच मिटू शकते.

दुखऱ्या जागी चोळायचं डायक्लोफेनॅकचं जेल अंगात कमी शिरतं, पण शिरतं. तेही विचारूनच लावा.

सह्याद्रीचा_भटक्या | ५ नोव्हेंबर, रात्री ८:२०

डायक्लोफेनॅक आणि किडनी म्हटल्यावर राहवत नाही. अवांतराबद्दल क्षमस्व. आपली गिधाडं याच औषधाने संपली! जनावरांना डायक्लोफेनॅक टोचायचे, मेलेलं जनावर गिधाडं खायची आणि किडनी निकामी होऊन पटापट मरायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मग लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरू लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनच्या बाटलीवर ३ मिलीची मर्यादा घातली. २०२३ मध्ये एसेक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद केलं, म्हणजे शेवगाताईंचीच गोळी. नाशिकजवळ हरसूलकडे खोरीपाड्याला गावकरी आणि वनखात्याने गिधाडांसाठी 'उपाहारगृह' काढलंय, मेलेली जनावरं तिथे टाकतात. एकदा जाऊन या.

कोकणी_आत्या | ५ नोव्हेंबर, रात्री ८:४४

दिवस असलेल्या बाईच्या धाग्यावर गिधाडं कसली आणतोस रे मेल्या!

शेवगा_पराठा | ५ नोव्हेंबर, रात्री ९:००

आत्या, अजून दिवस नाहीत हो. असू द्या गिधाडं.

जिमवाला_जग्या | ६ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

सगळे बायकांचंच बोलताय. मी लेग डेनंतर आयब्युप्रोफेन ४०० घेतो, कधी सकाळी एक रात्री एक. आम्हीही पुढच्या वर्षी प्लॅन करतोय. पुरुषांना काही होतं का?

आकडेमोड | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

२०१८ मध्ये डेन्मार्क आणि फ्रान्सच्या संशोधकांनी १८ ते ३५ वयाच्या ३१ पुरुषांवर प्रयोग केला होता. काहींना सहा आठवडे रोज दोनदा ६०० मिग्रॅ आयब्युप्रोफेन दिलं. टेस्टोस्टेरॉन घसरलं नाही, पण ते तेवढंच राखायला मेंदूला एलएच हार्मोन जास्त सोडावं लागलं. म्हणजे दुकानाचा गल्ला तोच, पण मालकाला ओरडावं जास्त लागतंय. शुक्रजंतू कमी झाले किंवा मुलं होईनात असं त्या अभ्यासाने दाखवलेलं नाही.

दवाखान्यातली_दुपार | ६ नोव्हेंबर, दुपारी २:२०

जग्या, अधूनमधून एखादी घेतली तर काळजी नको. पण दर व्यायामाला गोळी लागत असेल तर वजन कमी कर, डंबेलचं.

न्यूजर्सीची_वहिनी | ६ नोव्हेंबर, रात्री १०:५५

इथे अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये काय गोंधळ झाला माहितीय ना? २२ तारखेला खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी टीव्हीवर सांगितलं की गरोदरपणात टायलेनॉल घेऊ नका, ऑटिझम होतो. टायलेनॉल म्हणजे आपलं क्रोसिनच, पॅरासिटामॉल. मी तेव्हा सात महिन्यांची, ताप १०२. नवरा म्हणतो घे, आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणते घेऊ नको, टीव्ही म्हणतो सहन करा. शेवटी नर्स लाइनला फोन केला. ती म्हणाली, ताप अंगावर काढणं जास्त वाईट, आत्ता घ्या. घेतली. बाळ अजून पोटात आहे आणि मी रोज रात्री तोच विचार करते. डॉक्टर, खरं काय ते सांगा ना.

दवाखान्यातली_दुपार | ७ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

वहिनी, तुम्ही बरोबर केलंत. शांत झोपा.

थोडं सविस्तर. पॅरासिटामॉल हे वरच्या घराण्यातलं नाही. बाळाच्या किडनीचा जो धोका वर लिहिला, त्या इशाऱ्यात ते येत नाही. गरोदरपणात ताप-दुखण्यासाठी पहिली निवड आजही तेच. संबंध दिसला असं म्हणणारे काही अभ्यास आहेत. पण ज्या बाईला सारखा ताप, अर्धशिशी, दुखणी असतात तीच जास्त गोळ्या घेते. मग परिणाम गोळीचा, दुखण्याचा की घराण्यातून आलेल्या गोष्टींचा, हे कसं ओळखायचं? स्वीडनमध्ये २०२४ साली जवळपास २५ लाख मुलांची माहिती तपासली. सख्ख्या भावंडांची तुलना केली, एकाच्या वेळी आईने गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. फरक नाहीसा झाला.

आकडेमोड | ७ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

पण डॉक्टर, २०२१ मध्ये ९१ शास्त्रज्ञांनी मिळून सावधगिरीचं आवाहन केलं होतं. तेही काही टीव्हीवरचे नव्हते.

दवाखान्यातली_दुपार | ७ नोव्हेंबर, रात्री ९:१२

हो, आणि त्यांनी काय म्हटलं तेही बघा. गरज असेल तेव्हाच, कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. यावर माझं भांडण नाहीच. १०२ ताप ही गरज आहे. 'झोप येत नाही म्हणून एक डोलो (तेही पॅरासिटामॉलच)' ही नाही. माझ्याकडे रोज रात्री डोलो घेणाऱ्या बायका येतात, विचारलं तर म्हणतात दिवसभराचा शीण जातो.

मोरपंखी_छत्री | ७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

शीण जातो! माझी सासू सेम टू सेम.

चंद्रकोर_निळी | ८ नोव्हेंबर, सकाळी ११:००

सगळं वाचून आता माझी झोप उडाली. मला चौदावा आठवडा आहे आणि डॉक्टरांनी रोज रात्री इकोस्प्रिन १५० दिलीय. ती ॲस्पिरिनच ना? म्हणजे त्याच घराण्यातली? आजपासून बंद करू का?

दवाखान्यातली_दुपार | ८ नोव्हेंबर, सकाळी ११:०८

नको! ओपीडी सोडून लिहितेय. बंद करू नका.

घराणं तेच, पण मात्रा इतकी छोटी की काम वेगळं. दुखण्यासाठी ॲस्पिरिन ३०० च्या पुढे लागते. तुमची गोळी वारेतला रक्तपुरवठा नीट राहावा म्हणून, बीपी वाढून होणारा प्रीएक्लॅम्पसिया टाळायला आहे. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात जोखीम असलेल्या बायकांना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात १५० मिग्रॅ सुरू केल्यावर ३७ आठवड्यांच्या आतला प्रीएक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी घटला. एफडीएच्या त्या इशाऱ्यातूनही कमी मात्रेची ॲस्पिरिन वगळलेली आहे. तुमच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं नसेल तर पुढच्या वेळी विचारा, पण आज रात्रीची गोळी घ्या.

चंद्रकोर_निळी | ८ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

घेते. हात थरथरत होते खरंच. पहिल्या वेळी माझं बीपी वाढून बाळ बत्तिसाव्या आठवड्यात काढावं लागलं होतं, म्हणूनच दिली असणार.

रिकामा_डबा | ८ नोव्हेंबर, दुपारी १:००

एक निरीक्षण. हाडांचा डॉक्टर पोटाचं विचारत नाही, दातांचा शाल बघतो, पोटाची डॉक्टर पट्टी पडेपर्यंत वाट बघते. यापुढे बायकोबरोबर कुठल्याही दवाखान्यात गेलो की आधी पर्स उलटी करणार.

शेवगा_पराठा | १२ डिसेंबर, रात्री १०:१८

धागा वर काढतेय, कारण बातमी आहे. फुटलं!

चौदाव्या दिवशी २१ होतं, सोळाव्या दिवशी गेले तर सोनोग्राफीवाल्या मॅडम म्हणाल्या, "गेलं की." कुठे गेलं म्हणून मी घाबरलेच. मग त्यांनी स्क्रीनवर मागे थोडं पाणी दाखवलं. फुटलं म्हणजे असं दिसतं तर.

पाळी मात्र काल आलीच. रडले थोडी. मॅडम म्हणाल्या, पहिल्याच महिन्यात कुणाचं काय होतं, चालू ठेवा.

कंबरेचं म्हणाल तर पहिले दहा दिवस हाल झाले. आता फिजिओथेरपी लावलीय, खुर्ची बदलली, गरम पाण्याची पिशवी ऑफिसात नेते. आत्यांची निर्गुडीही बांधून बघितली. शेजारच्या काकूंच्या कुंपणावरच निघाली, आम्हाला इतकी वर्षं माहीत नव्हतं. फार दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही महिन्यात तीनदाच घेतली. हाडांच्या डॉक्टरांकडे परत गेले आणि आत शिरताच सांगितलं, मूल हवंय. ते म्हणाले, आधी बोलायचं ना! यावर मी काय बोलणार?

पिंपळपान_८८ | १२ डिसेंबर, रात्री १०:३१

शेवगाऽऽ! फुटलं हेच मोठं. पुढच्या महिन्यासाठी शुभेच्छा.

कोकणी_आत्या | १३ डिसेंबर, सकाळी ७:०२

पाला नुसता बांधू नकोस, आधी तव्यावर तिळाच्या तेलाचा हात लावून परत. चटका बसेल इतका गरम नको.

जिमवाला_जग्या | १३ डिसेंबर, सकाळी ७:४०

आत्या, लेग डेनंतर चालेल का?